मोठ्या आईची ट्रंक आणि ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी मसुदा. बोलताना मी जिथे भरकटलो होतो तो भाग थोडा छाटलाय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी कोड लिहितो. आपण इथे किल्ले, ताम्रपट, जुने रस्ते यांच्यावर बोलतो, आणि आज एकदम अंडाशयाच्या गाठीवर बोलणार म्हटल्यावर काहींनी भुवया उंचावल्या असतील. पण हाही इतिहासच आहे. आणि मी त्यात शिरलो तो एका लोखंडी ट्रंकेमुळे.

आमचं घर पवनीचं. भंडारा जिल्हा, वैनगंगेच्या काठावर. घरात माझी मोठी आई, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. २००१ साली तिचं नागपुरात ऑपरेशन झालं. तेव्हा ती ५४ वर्षांची होती आणि मी चार. मला आठवतं ते एवढंच, की सगळे भिवापूर-उमरेड करत एसटीने गेले आणि दहाबारा दिवसांनी ती खूप बारीक होऊन परत आली. घरात सांगितलं गेलं, "पोटातला गोटा काढला." तो कसला होता, कुठे होता, हे कुणी विचारलं नाही. बायकांच्या पोटातलं कोण विचारतं आपल्याकडे?

मग २०२२. मोठी आई ७५ वर्षांची. पोट फुगल्यासारखं वाटायला लागलं, भूक गेली. सीटी स्कॅन झाला, पोटात दोन ठिकाणी गाठी दिसल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधीच्या ऑपरेशनचा रिपोर्ट आहे का?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो. काका म्हणाले, तो साधा गोळा होता. डॉक्टर म्हणाले, "साधा म्हणजे काय, ते कागदावर बघायला हवं."

जिथे ऑपरेशन झालं होतं तिथे चौकशी केली. एकवीस वर्षांपूर्वीचं तिथे काहीच उरलेलं नव्हतं. शेवटी तो कागद सापडला मोठ्या आईच्याच ट्रंकेत. लुगड्यांच्या खाली, एका साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत, रेशनकार्डाच्या झेरॉक्सबरोबर. पिवळा पडलेला, इंग्रजीत टाइप केलेला. मी वाचला. डाव्या अंडाशयात साधारण १२ सेंटिमीटरची गाठ, कापल्यावर आत पिवळसर भाग आणि रक्त भरलेल्या पोकळ्या. खाली निदान: ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर, अ‍ॅडल्ट टाइप. आणि मधे एक ओळ, की कॉल-एक्सनर बॉडीज दिसल्या.

कॉल-एक्सनर. दोन माणसांची नावं आहेत हे उघड होतं. पवनीच्या बाईच्या पोटात ही कोण दोघं? तिथून हे सगळं सुरू झालं.

आधी ग्रॅन्युलोसा म्हणजे काय ते बघू. अंडाशयात प्रत्येक बीजाभोवती पेशींचं एक आवरण असतं. बीज आणि आवरण मिळून जी छोटी पिशवी होते तिला फॉलिकल म्हणतात. त्या आवरणातल्या आतल्या थराच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दाणेदार दिसतात, म्हणून ग्रॅन्युलोसा. यांचं काम बीजाला पोसणं आणि इस्ट्रोजेन तयार करणं. त्यातही कामाची वाटणी असते. बाहेरच्या थीका पेशी कच्चा माल म्हणून पुरुषी संप्रेरकं बनवतात आणि ग्रॅन्युलोसा पेशी त्यांचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक पाठवून हे काम चालू ठेवायला सांगते. इस्ट्रोजेन पुरेसं झालं की तेच पिट्यूटरीला "आता बस" असं कळवतं. आमच्या भाषेत फीडबॅक लूप. हा लूप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याला अंडाशयाचा कॅन्सर म्हणून जो ऐकून माहीत असतो तो बहुतेक वेळा अंडाशयाच्या वरच्या आवरणासारख्या पेशींचा असतो. ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ ही वेगळी जात आहे आणि दुर्मीळ आहे. अंडाशयाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये हिचा वाटा साधारण दोन ते पाच टक्के. बहुतेकदा एकाच बाजूला होते, वाढते सावकाश, आणि बहुतेक बायकांमध्ये ती अंडाशयाबाहेर पसरायच्या आधीच सापडते. ऐकायला बरी वाटते. हिची खोड दुसरी आहे, त्याकडे नंतर येतो.

या गाठीचं पहिलं वर्णन १८५५ साली कार्ल रोकिटान्स्की यांनी केलं असं मानतात. व्हिएन्नाचा हा माणूस म्हणजे शवविच्छेदनाचा राजा. मेलेल्या माणसाचं शरीर पद्धतशीर उघडून आजार कुठे बसला होता ते बघायचं, आणि हे हजारो वेळा करायचं, ही त्याची पद्धत. मला यात पवनीची जगन्नाथ टेकडी दिसते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तिथे खणलं आणि खालून बौद्ध स्तूप निघाला. लहानपणी आम्ही त्या टेकडीवर नुसते हुंदडायचो, खाली काय आहे याचा पत्ता नव्हता. रोकिटान्स्कीच्या आधी डॉक्टर मंडळीही बरीचशी आजाराच्या टेकडीवर अशीच हुंदडत होती.

आता कॉल आणि एक्सनर. हे नाव वाचून माझ्या डोळ्यांसमोर दोन दाढीवाले जर्मन प्रोफेसर आले होते. एक्सनर खरंच तसे होते, जिग्मुंड एक्सनर, व्हिएन्नाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. पण कॉल ही बाई निघाली! एमा लुईझ कॉल, अमेरिकेची. मिशिगन विद्यापीठाने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली १८७० मध्ये आणि ही १८७३ मध्ये तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडली. मग पुढचं शिकायला व्हिएन्नाला गेली. तिथे एक्सनर यांच्याबरोबर तिने सशाच्या अंडाशयाचे पातळ काप तपासले. फॉलिकलमध्ये तिला बारीक गोल पोकळ्या दिसल्या. मधे द्रवाचा थेंब आणि त्याच्याभोवती ग्रॅन्युलोसा पेशी, भुलाबाईची गाणी म्हणताना पोरी फेर धरतात तशा. १८७५ मध्ये तो निबंध छापून आला.

लक्षात घ्या, तिने कॅन्सर बघितला नव्हता. निरोगी सशाचं अंडाशय होतं ते. ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठीतही तसेच फेर दिसतात हे इतरांच्या लक्षात नंतर आलं, आणि मग ती खूण तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गाठीतली पेशी बिघडली तरी मूळची सवय सोडत नाही, फॉलिकल बांधायचा प्रयत्न करत राहते. पॅथॉलॉजिस्ट त्या अर्धवट प्रयत्नावरून तिला ओळखतो.

एमा कॉल नंतर बोस्टनला परतली आणि बायकामुलांच्या हॉस्पिटलमध्ये आयुष्यभर बाळंतपणं करत राहिली. १८८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स मेडिकल सोसायटीने पहिल्यांदा एका स्त्रीला सदस्य करून घेतलं, ती हीच. आता ते साल बघा. त्याच वेळी, त्याच देशात, फिलाडेल्फियात आपली आनंदीबाई जोशी मेडिकलला शिकत होती. १८८३ मध्ये गेली, मार्च १८८६ मध्ये पदवी घेतली, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेली, वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आनंदीबाई अमेरिकेला जाण्याआधी लोकांसमोर बोलली होती, की हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे कारण इथल्या बायका पुरुष डॉक्टरांपुढे बोलत नाहीत. मुंबईत १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल निघालं तेही याच कारणाने. तिथे एडिथ पीची होत्या, इंग्लंडहून आलेल्या.

आणि हे बायकांचं न बोलणं या गाठीच्या बाबतीत फार महाग पडतं, कारण या गाठीची मुख्य खूणच ती आहे जी बायका बोलत नाहीत.

गाठ इस्ट्रोजेन तयार करत सुटते. पाळी जाऊन पाचसहा वर्षं झालेल्या बाईच्या शरीरात पुन्हा इस्ट्रोजेन खेळायला लागतं, गर्भाशयाचं अस्तर पुन्हा जाड होतं, आणि अंगावरून जायला लागतं. मोठ्या आईला मी या एपिसोडसाठी विचारलं, बाहेर अंगणात बसून, जरा लाजतच. ती म्हणाली, "मले तं वाटलं पाळी परत आली. शेजारची म्हणे, चांगलं आहे बाप्पा, जवानी आली तुले." हे किती महिने चाललं? "आठ-नऊ महिने असन." कुणाला सांगितलं? "कोनाले सांगू?"

पाळी पूर्ण थांबल्यावर वर्षभराने, दोन वर्षांनी, दहा वर्षांनी पुन्हा रक्त दिसलं तर ती पाळी नसते, हे वाक्य मी रेकॉर्डिंगमध्ये दोनदा म्हटलं होतं, इथेही राहू देतो. दर वेळी कॅन्सर असतो असं नाही, बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. ग्रॅन्युलोसाच्या गाठीत तर त्या जास्तीच्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचाही कॅन्सर काहींना होतो, साधारण पाच ते दहा टक्के बायकांना. म्हणून डॉक्टर अंडाशयाबरोबर गर्भाशयही तपासतात. कधी कधी गाठ आतल्या आत फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो, मग ती थेट इमर्जन्सी.

याच गाठीचा एक लहान मुलींमधला प्रकार आहे. तो मोठ्या बायकांच्या प्रकारापेक्षा सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळा दिसतो. पाचसहा वर्षांच्या पोरीला छाती येते, पाळी येते. विचार करा, खेड्यात अशा पोरीच्या आईवर काय गुजरत असेल, लोक काय काय बोलत असतील. १९८४ मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट यंग, डिकरसिन आणि रॉबर्ट स्कली यांनी अशा १२५ रुग्णांचा अभ्यास छापला आणि हा प्रकार नीट वेगळा काढला. बहुतेक मुली ऑपरेशनने बऱ्या होतात, हे त्या अभ्यासातलं सगळ्यात मोठं दिलाशाचं वाक्य.

पण गाठ आणि रक्तस्राव यांचा संबंध का, हे रोकिटान्स्कीला कळणं शक्यच नव्हतं. संप्रेरक ही कल्पनाच तेव्हा नव्हती. १९२३ मध्ये अमेरिकेत एडगर अ‍ॅलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी डुकरिणींच्या फॉलिकलमधला द्रव उंदरांना टोचून दाखवला, की माजाची लक्षणं आणणारं काहीतरी यात आहे. १९२९ मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळालं. त्यानंतर डॉक्टरांना उलगडलं, की काही गाठी नुसत्या वाढत नाहीत, काम पण करतात. कारखाना चालू असलेली गाठ.

याच काळातली एक छोटी गोष्ट, थोडं विषयांतर. १९०७ मध्ये फ्रिट्झ ब्रेनर नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरने अंडाशयाच्या एका गाठीचं वर्णन केलं आणि त्याला वाटलं, ही ग्रॅन्युलोसाच्या घरातलीच. नंतर तो पार आफ्रिकेत निघून गेला. १९३२ मध्ये बर्लिनच्या रॉबर्ट मायर यांनी ती गाठ वेगळीच आहे असं दाखवलं आणि तिला ब्रेनरचंच नाव दिलं. म्हणजे ज्याचा अंदाज चुकला त्याचं नाव राहिलं. आणि मायर? ते ज्यू होते. नाझींनी त्यांचं पद काढून घेतलं, म्हातारपणी अमेरिकेत मिनेसोटाला जावं लागलं. पॅथॉलॉजीच्या पुस्तकात ही दोन्ही नावं एका ओळीत येतात, त्यांच्यामागचं असं काही तिथे छापलेलं नसतं.

स्लाइडवर ही गाठ दिसते कशी? मी इंटरनेटवरचे फोटो बघून बघून डोळे फोडले आहेत. ओळखायच्या दोनतीन खुणा. पेशीच्या केंद्रकावर मधोमध एक लांब चीर असते, अगदी कॉफीच्या बीसारखी. मग ते कॉल-एक्सनरचे फेर, पण ते सगळ्या गाठींत सापडतातच असं नाही. आणि पेशींची मांडणी. कधी ओळीत, कधी गठ्ठ्यात, कधी नागमोडी लाटांत. त्या लाटांच्या मांडणीला पुस्तकात वॉटर्ड सिल्क म्हणतात, म्हणजे दाबून ज्यावर पाण्यासारख्या लहरी उठवल्यात ते रेशीम.

पवनी हे कोष्ट्यांचं गाव. रेशमी काठाचं कापड विणणारी घरं होती, मोठ्या आईचं माहेर त्यातलंच. मी तिला मोबाईलवर तो फोटो दाखवला, गुलाबी-जांभळा, लाटालाटांचा. काय आहे ते सांगितलं नाही. तिने मोबाईल लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "मागावर सूत ढिलं पडलं का असंच दिसते." मग मी सांगितलं हे काय आहे. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "दिसाले तं बरं दिसते रे."

आता मुंबईला येऊ. परळला. कॅन्सरच्या संशोधनाचं महाराष्ट्रातलं नाव घ्यायचं तर परळशिवाय चालत नाही. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक असं त्यांना म्हणतात. कापलेली गाठ फेकून न देता तिचे काप करून, रंगवून, नोंद ठेवून, तिचं नाव ठरवायचं ही शिस्त इथे ज्यांनी रुजवली त्यांत ते पहिल्या फळीतले. मोठ्या आईच्या ट्रंकेतला कागद हा त्याच शिस्तीतून आलेला. १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघालं, त्याचेही संचालक तेच.

खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी केली कमल रणदिवे यांनी. पुण्याच्या, हुजूरपागेत शिकलेल्या, फर्ग्युसनच्या. १९४९ मध्ये पीएचडी. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत हेला पेशी वाढल्या. परत येऊन रणदिवेबाईंनी मुंबईत ऊती संवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. त्यांचं मोठं काम स्तनाच्या कॅन्सरवर आहे, उंदरांमध्ये, आनुवंशिकता आणि संप्रेरकं यांचा त्याच्याशी काय संबंध यावर. ग्रॅन्युलोसाशी थेट नाही. पण प्रश्न त्याच घरातला: संप्रेरकांचा तोल ढळला की पेशी का बिघडतात? १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचं गूगल डूडल आलं होतं. माझ्या ऑफिसातल्या कुणालाच ही बाई माहीत नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

त्या प्रश्नावरचा एक प्रयोग मला फार आवडतो. १९४४, अमेरिकेतले मॉर्टन आणि गर्सन बिस्किंड. त्यांनी उंदराचं अंडाशय काढून त्याच्याच प्लीहेत बसवलं. अंडाशय तिथे जगलं, इस्ट्रोजेन बनवू लागलं. पण प्लीहेतलं रक्त आधी यकृतात जातं आणि यकृत इस्ट्रोजेन मोडून टाकतं. म्हणजे "आता बस" हा निरोप पिट्यूटरीपर्यंत पोहोचतच नाही. पिट्यूटरी समजते अंडाशय झोपलंय, आणि आणखी जोरात हाका मारत राहते. काही महिन्यांनी त्या अंडाशयात ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठी झाल्या. लूप तोडला आणि गाठ झाली! ज्याने कधी प्रॉडक्शनवर न थांबणारा रिट्राय बघितलाय त्याला हे आतून कळेल. माणसात अगदी असंच घडतं असं नाही, ते पुढे येईलच, पण प्रयोग म्हणून लाजवाब.

या लूपमध्ये इस्ट्रोजेनशिवाय आणखी एक निरोप्या असतो, इन्हिबिन. तो खास एफएसएच दाबतो. हे नाव १९३२ पासूनचं, पण तो रेणू काही हाती लागत नव्हता. आणि इथे परत परळ येतं. तिथल्याच आयसीएमआरच्या प्रजनन संशोधन संस्थेत डॉ. ए. आर. शेठ आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं इन्हिबिन शोधत होते, पुरुषाच्या वीर्यद्रवात. १९८४ मध्ये त्यांनी परदेशी संशोधकांबरोबर तशा गुणाचं एक प्रथिन सविस्तर मांडलं. पण पुढच्याच वर्षी फॉलिकलच्या द्रवातून खरा इन्हिबिन वेगळा झाला आणि तो वेगळाच रेणू निघाला. परळचं प्रथिन हे प्रोस्टेट ग्रंथीतून येणारं, आणि आज जगभर प्रोस्टेट कॅन्सरच्या संदर्भात त्याचा अभ्यास होतो. शोधायला गेले एक आणि सापडलं दुसरं. मला यात हार दिसत नाही. आमच्याकडे एक बग शोधताना दुसरा सापडला तर आम्ही तो दुसऱ्या टीमच्या नावावर टाकून मोकळे होतो, ते लोक निदान वर्षानुवर्षं बसून राहिले.

खरा इन्हिबिन ग्रॅन्युलोसा पेशीच बनवतात. मग त्यांची गाठही बनवणार. १९८९ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी दाखवलं, की या गाठीच्या रुग्णांच्या रक्तात इन्हिबिन वाढतो, ऑपरेशननंतर उतरतो, आणि गाठ परत येणार असेल तर ती हाताला किंवा स्कॅनला लागायच्या कित्येक महिने आधी तो पुन्हा चढायला लागतो. नुसत्या रक्ताच्या तपासणीवर पाळत ठेवता येते.

आणि पाळत ठेवावी लागते, कारण हिची खोड. मघाशी म्हटलं होतं ना. ही गाठ विसरत नाही. बाकी बऱ्याच कॅन्सरमध्ये पाच वर्षं निघाली की डॉक्टर पाठ थोपटतात. ग्रॅन्युलोसाच्या गाठी दहा वर्षांनी परत आलेल्या आहेत, वीस वर्षांनी आलेल्या आहेत, काहींमध्ये तीस वर्षांनंतरही. तोवर डॉक्टर निवृत्त झालेला असतो, हॉस्पिटलची इमारत बदललेली असते, रुग्णाची पोरं दुसऱ्या शहरात असतात. २००१ मध्ये मोठ्या आईला सांगितलं होतं का, की दर वर्षी दाखवायला या? ती म्हणते सांगितलं होतं. पहिली दोनतीन वर्षं गेलीही. मग धान कापणी, मग काकांचा अपघात, मग "आता काय झालंय मला."

शेवटचा टप्पा माझ्या धंद्याच्या जवळचा आहे. २००९, कॅनडातलं व्हँकूव्हर. पॅथॉलॉजिस्ट डेव्हिड हंट्समन आणि संगणकशास्त्रात पीएचडी केलेले सोहराब शाह यांच्या गटाने चार बायकांच्या ग्रॅन्युलोसा गाठींमधला सगळा आरएनए वाचून काढला. चार, फक्त चार. आणि चारींमध्ये एकच बदल सापडला. फॉक्सएल२ नावाच्या जीनमध्ये ४०२ व्या जागी सी च्या ऐवजी जी. बस. ३७६ अमिनो आम्लांच्या प्रथिनात १३४ वं तेवढं बदलतं, सिस्टीनच्या जागी ट्रिप्टोफॅन. मग त्यांनी मोठ्या बायकांमधल्या आणखी ८९ गाठी तपासल्या, त्यातल्या ८६ मध्ये तोच बदल. लहान मुलींच्या प्रकारात मात्र दहापैकी एकातच, आणि इतर कॅन्सरच्या शेकडो नमुन्यांत नाहीच.

हे फार विरळा आहे. बहुतेक कॅन्सरमध्ये शेकडो ठिकाणी कोड बिघडलेला असतो आणि कुठला बदल कारण आणि कुठला कचरा यावर आयुष्यं खर्ची पडतात. इथे एका अक्षराची टायपो, आणि जवळजवळ प्रत्येक रुग्णात तीच. फॉक्सएल२ चं मूळ काम काय, तर ग्रॅन्युलोसा पेशीला "तू ग्रॅन्युलोसा आहेस" हे आयुष्यभर आठवण करून देणं. त्याच वर्षी उंदरांवर असं दिसलं, की मोठ्या मादीच्या अंडाशयात हा जीन बंद केला तर तिथल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या व्हायला लागतात.

माझ्या चुलत बहिणीने, मोठ्या आईच्या मुलीने, २०२२ मध्ये मला रात्री अकराला फोन करून विचारलं होतं, "दादा, मला पण होईल का रे? माझ्या पोरीला?" तेव्हा मला काही सांगता आलं नव्हतं. नंतर डॉक्टरांनीच सांगितलं, हा बदल त्या गाठीच्या पेशीत जन्मानंतर कधीतरी झालेला असतो, आईकडून मुलीला सहसा येत नाही. ती फोनवर रडली. आणि लगेच म्हणाली, ही गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर दोन महिने झोपले असते.

त्या पिवळ्या कागदाने काय बदललं ते सांगतो. ७५ वर्षांची बाई, पोटात गाठी, पोट फुगलेलं. कागद नसता तर हा अंडाशयाचा नेहमीचा, पसरलेला कॅन्सर समजून विचार सुरू झाला असता, आणि घरातल्यांनीही हाय खाल्ली असती. "या वयात कशाला फिरवायचं" हे वाक्य बोलून झालंही होतं. कागदामुळे डॉक्टरांनी जुनीच गाठ परतली असेल असा संशय धरला, इन्हिबिन बी तपासलं, ते चढलेलं होतं. हळू वाढणाऱ्या या गाठीत पुन्हा ऑपरेशन करून काढण्यात अर्थ असतो, केमोचा उपयोग तेवढा भरवशाचा नाही. ऑपरेशन झालं. नवीन गाठीच्या स्लाइडवर त्याच कॉफीच्या बिया. २००१ चा मेणाचा ठोकळा, म्हणजे ज्यात गाठीचा तुकडा जपून ठेवतात तो ब्लॉक, मिळाला असता तर शेजारी शेजारी ठेवून बघता आलं असतं. तो नाही मिळाला. या वेळी मात्र आम्ही विचारून, सही करून, ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घेतले. मागता येतात. मागा.

मोठी आई आता दर चार महिन्यांनी रक्त द्यायला नागपूरला जाते. मागच्या दोन तपासण्यांत आकडा खाली आहे. मी तिचे सगळे कागद स्कॅन करून क्लाउडवर टाकले, बहिणीला लिंक दिली, तारखेप्रमाणे फोल्डर केले. मोठ्या अभिमानाने तिला दाखवलं, की आता हे कुठे हरवणार नाही.

तिने मूळ कागद माझ्या हातातून घेतला, नवीन रिपोर्टबरोबर त्याच साडीच्या पिशवीत घातला आणि ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवला. "तुह्या मोबाईलचं काय, पानी लागलं का गेला." मग कुलूप लावता लावता विचारलं, "अन् ते बाई, सशावाली, तिचं नाव काय सांगितलं तू?"

एमा कॉल, मी म्हटलं.

"एमा," ती म्हणाली. "लिहून दे कागदावर."